दोन नंबरच्या शेतातली एळवस

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. इथले निम्मे लोक असंच म्हणून सुरुवात करतात आणि तिसऱ्या ओळीत पिंपळ येतो, हे मला ठाऊक आहे. माझ्या अनुभवात पिंपळ नाही, पांढरी साडी नाही. अमावस्या आहे... पण ती भर सकाळची, आणि आमच्याकडं ती अमावस्या म्हणजे पोटभर जेवायचा सण असतो. त्यामुळं घाबरायला आला असाल तर इथूनच परत फिरा, राग नाही.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि वरिष्ठांना कळवायच्या. आमचे बाबा ह्याला 'चुगलखोरीची नोकरी' म्हणतात. गेम्स मात्र शाळेपासून खेळतो, आणि गेम्सबद्दलच्या भाकडकथा तर त्याहून आवडीनं वाचतो. रिकाम्या सर्व्हरवर तिसराच माणूस चालताना दिसतो, अमुक लेव्हल उलटी खेळली की रडण्याचा आवाज येतो, मेलेला खेळाडू ऑनलाइन येतो... इंटरनेटवर असल्या गोष्टी पोत्यानं पडल्यात. मी वाचायचो आणि खाली प्रतिक्रियांत जाऊन त्यांची हवा काढायचो. "भाऊ, कॅशे क्लिअर कर" हे माझं ठरलेलं उत्तर. एका पोराच्या कहाणीखाली मी इतकं लांबलचक स्पष्टीकरण लिहिलं की त्यानं मला ब्लॉकच केलं. बिचाऱ्याचं बरोबर होतं.

कारण माझ्या स्वतःच्या नावावर एक बग असा आहे की जो चौदा वर्षं झाली तरी मला बंद करता आलेला नाही. तो आज इथं लिहून टाकतो.

आमचं गाव अर्धापूर, जिल्हा नांदेड. केळीचं गाव. दहावीला मला मार्क बरे पडले आणि घरात लगेच ठरलं — पोरगं लातूरला. तेव्हा आमच्या भागात पद्धतच होती, अजूनही आहे... पोरगं लातूरला क्लासला म्हटलं की त्याची आईही लातूरला. बाप शेतात, आणि मायलेक एका भाड्याच्या खोलीत, दोन वर्षं. आमच्या गल्लीत सगळ्या असल्याच आया. एक भोकरची, एक परभणीची, एक देगलूरची. सगळ्यांचे नवरे फोनवर. संध्याकाळी बाबांचा फोन यायचा, "काय करून राहिले मायलेक?" आणि आई पहिलं विचारायची, "केळीचे घड भरले का?" माझी चौकशी दोघंही नंतर करायचे.

खोली शोधताना आईनं एकच अट घातली होती. तळमजला. वरच्या मजल्यावर चांगली हवेशीर खोली मिळत होती, तिनं पायरीवरच पाय ठेवला नाही. तळमजल्यावरही आम्ही दाराजवळ झोपायचो, आणि फळीवर एका स्टीलच्या ताटलीत पेला पालथा, त्याच्यावर दुसरा पेला, अशी रचना कायम असायची. जमीन हलली की पहिला तो वाजणार आणि आपण पळणार. आईचं माहेर रेणापूर, आणि त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा ती माहेरी बाळंतिणीच्या खोलीत होती — मला घेऊन. मी दीड महिन्याचा होतो.

त्या भूकंपात माझी मावशी गेली. सुमन तिचं नाव, आईची धाकटी बहीण. आजोळी भिंतीवर तिचा एक फोटो आहे, लग्नातला. आई त्या फोटोखालून जाताना मान खाली घालायची. मी लहानपणी एकदोनदा विचारलं तर "आभ्यास कर" म्हणाली होती. आता ज्या दिवसाचं सांगणार आहे तोपर्यंत मला मावशीबद्दल एवढंच माहीत होतं, हे जरा लक्षात ठेवा.

आता गेम. क्लासच्या सीडी बघायला पाहिजेत म्हणून मी बाबांकडून एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणि नेटचा डोंगल मिळवला होता. सीडी मी दोनदा बघितल्या असतील. तेव्हा तो ऑनलाइन शेतीचा गेम जोरात होता. पेरायचं, पाणी घालायचं, वेळेत काढायचं, नाहीतर पीक वाळतं. शेतकऱ्याचं पोरगं शेतीपासून सुटायला लातूरला आलं आणि तिथं बसून काय करतंय, तर शेती! बाबांना कळलं असतं तर त्यांनी मला कॉम्प्युटरसकट अर्धापूरला नेलं असतं.

त्या गेमचा नियम असा होता की शेजारी असल्याशिवाय शेत वाढवता येत नाही. माझ्या वर्गातली पोरं एकतर अभ्यास करत होती नाहीतर करतोय असं दाखवत होती. शेजारी कोण होणार? मग मी तेच केलं जे तेव्हा सगळे करायचे, खोटे अकाउंट काढले. एकाचं नाव 'टेस्ट एक', दुसऱ्याचं 'टेस्ट दोन'. टेस्टर व्हायची लक्षणं तेव्हाच दिसत होती म्हणा. टेस्ट दोनला ती खेळाडूचं चित्र म्हणून सुरुवातीला आपोआप येणारी मुलगी असते ना, दोन वेण्यांची, तीच राहू दिली. पासवर्ड म्हणून कीबोर्डवर नुसती बोटं आपटली, कारण त्या अकाउंटात परत जायचं कामच नव्हतं. शेजारी म्हणून नाव लागलं की झालं. तो पासवर्ड मला तेव्हाही माहीत नव्हता, आजही नाही.

आई ह्यात आली ती माझ्या स्ट्रॉबेरीमुळं. मी सहाला पेरायचो, साडेसहाला क्लास, आणि पीक चार तासांत तयार.

"आई, साडेदहा वाजता एवढ्या स्ट्रॉबेरी काढून घेशील का? नाहीतर वाळतात."

"क्लासच्या सीडीत स्ट्रॉबेरी कुठून आली रे?"

"ते... बायोलॉजीचं आहे."

"मला येडी समजलालास का?" असं म्हणाली, पण स्क्रीनसमोरून हलली नाही. "चार तासात पीक? नांगरट न्हाई, कुळवाची पाळी न्हाई, डायरेक पेरणी! तुझ्या बापाला सांग, केळी काढून हेच लाव म्हणावं."

दुपारी आलो तर स्ट्रॉबेरी काढलेली, रान नांगरलेलं आणि पुन्हा पेरणीसुद्धा झालेली. मी बघतच राहिलो. आई भाकरी थापताना पाठमोरीच म्हणाली, "वाळून चाललं होतं. बघवंना. खोटं का असंना, पीक हाय ते."

मग मी तिला टेस्ट एक देऊन टाकला. पंधरा दिवसांत तिचं शेत माझ्यापुढं गेलं. बांध सरळ, एक कोपरा रिकामा नाही. इंग्रजीचं एक अक्षर न वाचता, नुसती चित्रं बघून. मी तिची चेष्टा करायचो, "बारावीला तू बस, मी भाकरी करतो." आज मला त्याची लाज वाटते. ती बाई पहाटेपासून रानात राबायची सवय असलेली, आणि मी तिला दहा बाय बाराच्या खोलीत आणून बसवलं होतं. माझ्यासाठी. तिला शेताची आठवण येत होती, एवढं साधं मला कळत नव्हतं.

दिवाळीनंतर, बारावीच्या वर्षात, एके दिवशी माझ्या शेतावर पाटी दिसली — 'टेस्ट दोनने तुमच्या पिकाला पाणी घातलं.' मला वाटलं, आईनं कुठंतरी क्लिक केलं असेल. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत.

आणि मग आईच म्हणाली, "ती दोन नंबरवाली शेजारीण लई कष्टाळू हाय हं. दोन वेण्यावाली. तुझ्या वर्गातली हाय का?" आणि माझ्याकडं बघून मिश्कील हसली.

"अगं, ती तूच ना?"

"मी? माझं एकच आवरंना मला. तूच असशील."

मी टेस्ट दोनच्या शेतावर जाऊन बघितलं. मी अकाउंट काढलं तेव्हा तिथं सहा रिकामे वाफे होते. आता सगळं रान गव्हानं भरलं होतं आणि चारी बाजूंनी पिवळ्या फुलांची एक-एक ओळ. आई खुर्ची ओढून पुढं सरकली.

"शेतातली पोरगी हाय ही. बघ की, कडंनं करडई लावलीय."

"आई, ह्या गेममध्ये करडई नाहीये. साधी फुलं आहेत ती."

"असंना. आमच्याकडं ज्वारीच्या भवतीनं करडई लावतात. काट्याला भिऊन जनावर आत शिरत न्हाई. तुझ्या ह्या गेममधी जनावरं शिरतात का पिकात?"

"नाही."

"मग तिनं कशाला लावली?"

मी म्हटलं, आई आपल्याला खेळवतेय. मग मी सापळा लावला. सलग तीन दिवस डोंगल दप्तरात टाकून क्लासला घेऊन गेलो. खोलीत नेटच नाही, आता बघू. तिन्ही दिवस परत येऊन डोंगल लावला, आणि तिन्ही दिवशी पाटी होतीच. सकाळी दहाच्या सुमाराची. म्हणजे आई नाही. वर्गातल्या दोघांवर संशय होता, त्यांना खोदून विचारलं. त्यातल्या एकानं मला झोप नीट घ्यायचा सल्ला दिला.

आईला मात्र कसलीच शंका पडत नव्हती. "कुणी बी असंना. चांगलं वागलालीय ना आपल्याशी? मग?" उलट ती आता रोज दोन नंबरच्या गव्हाला पाणी घालून यायची. कधीकधी स्क्रीनशी बोलायची, "आज उशीर केलास गं बाई." मी हसायचो.

मग एळवस आली.

पुण्यामुंबईच्या लोकांना हा सण माहीत नसतो म्हणून सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूरकडं सगळे शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची एक खोप करतात, तिकडं तिला कोप म्हणतात, आणि तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात — पाच पांडव. त्यांची पूजा करायची आणि मग भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची एकत्र भाजी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील... येईल त्याला बोलावून जेवू घालायचं. लातूर शहर त्या दिवशी ओस पडतं. नांदेडकडं, आमच्या अर्धापुरात, हे फारसं नाही. पण आई तर रेणापूरची. मामा दरवर्षी फोन करून बोलवायचा आणि आईचं दरवर्षी नवं कारण असायचं. कधी पाहुणे, कधी कंबर, कधी माझी परीक्षा. त्या वर्षी तर आम्ही लातुरातच होतो, रेणापूर हाकेच्या अंतरावर. तिनं मामाला सांगितलं, "बाळ्याचं बारावीचं वर्ष हाय."

बाळ्या म्हणजे मी. आणि मी त्या सकाळी, क्लासला सुट्टी म्हणून, साडेआठला गेम उघडून बसलो होतो. आई मागं मेथी निवडत होती.

दोन नंबरच्या शेतात मधोमध कोप होती.

त्या गेममध्ये सजावटीला गवताच्या पेंढ्या मिळायच्या. लोक त्यांचे किल्ले बांधायचे, नावं लिहायचे. इथं त्या दोन बाजूंनी रचून वर टेकवल्या होत्या, पुढून मोकळ्या. आत एका ओळीत पाच पांढरे गोल दगड. मला इतकी गंमत वाटली!

"आई, हे बघ, तुझ्या शेजारणीनं एळवस केलीय! लातूरचीच आहे की गं ही. पण हिचा एक दगड जास्त झालाय. एक बाहेरच ठेवलाय दारात."

आई मेथीची जुडी हातात घेऊन उठली. स्क्रीनजवळ आली, वाकली. मग पदरानं स्क्रीन पुसली, आणि परत बघितलं. कोपीच्या दारात, डाव्या अंगाला, सहावा दगड. जरा लहान.

"भाईरचा दगड तुला कुणी सांगितला?"

"कुणी सांगितला म्हणजे?"

"बाळ्या, खरं बोल. मामानं सांगितलं?"

"कशाचं आई? मी नाही केलेलं हे. शपथ. माझ्याकडं तर हे दगडच नाहीयेत."

मी खोटं बोलतो तेव्हा आईला हमखास कळतं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि खाली फरशीवरच बसली. मेथी सांडली. मी घाबरून मॉनिटर बंद केला तर म्हणाली, "चालू कर." आणि त्या शेताकडं बघत मला मावशीबद्दल सांगितलं. जन्मात पहिल्यांदा.

"सुमी एवढीशी होती तवापासून. कोपीत पाच पांडव मांडले की ही एक दगड उचलून आणायची आन् दाराभाईर ठेवायची. आण्णा विचारायचे, हे काय गं? तर म्हणायची, ह्यो कर्ण. त्यो बी भाऊच हाय की. आण्णा चिडायचे, दगड फेकून द्यायचे, ही परत आणायची. लगीन हुईपर्यंत दरवर्षी. मी म्हणलं, आगं, भाऊ हाय तर आत ठेव की. तर म्हणायची, बोलावल्याबिगर कसं आत जावं?"

आण्णा म्हणजे माझे आजोबा. ते आता नाहीत.

"त्या साली उन्हाळ्यात तिचं लगीन झालं. किल्लारीच्या अंगाला दिली होती. तुझ्या बाळंतपणाला माझ्याजवळ आली. तुला न्हाऊ घालायची, माझे पाय चेपायची. तू पहिल्यांदा हसलास ते तिनं बघितलंय, मी न्हाई. गौरीच्या आधी तिच्या सासरचा निरोप आला, सुनंला धाडा. ती म्हणली, ताई, विसर्जनापतूर ऱ्हाते, सांग ना आण्णाला. मी बोलले असते तर आण्णांनी ऐकलं असतं. पण मीच शहाणपणा केला. नवी सून, पहिल्या गौरी, सासरी दिसली पायजे, लोक काय म्हणतील... एस्टीत बसताना रडली. म्हणली, मग एळवशीला तरी बोलावशील ना? मी म्हणलं, बोलवते गं बाई, जा आता."

पुढचं तिनं सांगितलं नाही. विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती भूकंपाची पहाट आमच्याकडं कुणी कुणाला सांगावी लागत नाही.

"बोलवायचं ऱ्हाऊनच गेलं रे," एवढंच म्हणाली आणि तोंडात पदर घेऊन रडायला लागली. सतरा वर्षं झाली होती. सतरा वर्षं ती एळवशीला शेतात गेली नव्हती, आणि कंबर दुखतेय म्हणून सांगत होती. मी तिच्याशेजारी बसून मेथी गोळा करत राहिलो. खरं तर मीही रडत होतो.

जरा वेळानं तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "रेणापूरला गाडी कितीला हाय?"

मी कॉम्प्युटर बंद केला. सवयीनं डोंगल काढून दप्तरात टाकला, दप्तर पाठीला अडकवलं, दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. हे मुद्दाम सांगतोय. खोलीची दुसरी किल्ली अर्धापूरला बाबांकडं होती.

गाडी कसली मिळतेय त्या दिवशी, एका जीपमध्ये कोंबून गेलो. मामाच्या शेतात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मामा, म्हणजे आईचा आणि सुमनमावशीचा धाकटा भाऊ, पाहुण्यांना आंबील वाढत होता. बांधावर आईला बघितलं आणि त्याचा हात तसाच राहिला. "ताई?" एवढंच म्हणाला. आईनं बांधावरच चपला काढल्या, सरळ कोपीपाशी गेली. आत पाच पांडव मांडलेले, हळदीकुंकू वाहिलेले. तिनं बांधावरचा एक लहान दगड उचलला, घागरीतल्या पाण्यानं धुतला, चुन्याचं बोट ओढलं, कुंकू लावलं आणि दाराबाहेर ठेवला. डाव्या अंगाला.

मामा खालीच बसला. "सुमीचा कर्ण... मी तर पार इसरून गेलतो गं."

मी मामाकडं नीट बघून घेतलं, आत्ताही शपथेवर सांगतो, तो खोटं बोलत नव्हता. आणि त्याच्याकडं तेव्हा साधा बटणांचा मोबाइल होता. कॉम्प्युटर त्यानं बँकेत लांबून बघितलेला.

आई कोपीसमोर उभी राहिली आणि शेताच्या पार त्या टोकाला हाक मारावी तशी मोठ्यांदा म्हणाली, "सुमे! ये गं. बोलावलंय तुला. आत ये."

आईनं वाकून तो दगड दोन्ही हातांनी उचलला आणि आत ठेवला, पाचांच्या ओळीत, शेवटी.

आणि मग ती जेवली. काय जेवली म्हणून सांगू! भज्जी दोनदा घेतली, आंबील तीनदा, आणि मामीला म्हणाली, "मीठ कमी हाय गं." मामा वाढत होता आणि डोळे पुसत होता. मी आईला इतकं खुशीत जेवताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

दिवेलागणीच्या आत आम्ही लातूरला परत आलो. कुलूप जसंच्या तसं. फळीवर पेल्यावर पेला जागच्या जागी. मी डोंगल लावला, कॉम्प्युटर सुरू केला, गेम उघडला. आई मागं उभी होती.

दोन नंबरच्या शेतात कोप तशीच होती. दारात काही नव्हतं, नुसती माती. आत सहा दगड होते, एका ओळीत. लहानगा शेवटी.

मी पुन्हा एकदा मोजले आणि स्क्रीनशॉट काढला. आईनं बघितलं, मान हलवली, आणि म्हणाली, "च्या ठेवते."

त्या दिवसानंतर टेस्ट दोननं कुणाच्याच पिकाला पाणी घातलं नाही. गहू तयार झाला, तो कुणी काढला नाही, वाळला. आईनंही त्यानंतर गेम सोडला. "मन भरलं," म्हणाली. त्या सहा दगडांचा स्क्रीनशॉट माझ्याकडं आहे, पण सकाळचा, एक दगड बाहेर असलेला, मी काढलाच नाही. टेस्टर म्हणून ही माझी सगळ्यात मोठी चूक. पुरावा अर्धाच आहे, त्यामुळं "तूच बनवलं असशील" असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

बाकी सगळं मी तपासून झालंय. पासवर्ड कुणी ओळखला असेल? मलाच माहीत नाही तर कुणी ओळखणार. ज्या ईमेलवर ते अकाउंट काढलं तोही मी तसाच बोटं आपटून काढलेला. सर्व्हरची चूक? सर्व्हरला करडई आणि कर्ण कुठून कळणार. आईनंच नकळत केलं असेल, असंही मी मनाला सांगून बघितलं. पण दगड आत गेला त्या दिवशी कुलूप लावल्यापासून ती माझ्यासमोरच होती, रेणापूरच्या शेतात दुसऱ्यांदा भज्जी घेत होती, आणि डोंगल माझ्या पाठीवर होता. कुणी लातूरचाच अनोळखी माणूस? असेल बाबा. पण आम्ही शेतात काय केलं ते त्याला कुणी सांगितलं? मी अजूनही म्हणतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. फक्त हल्ली लोकांच्या कहाण्यांखाली जाऊन हवा काढायचं बंद केलंय.

मी आता नांदेडला असतो. आई-बाबा अर्धापूरला, केळीत. आई दरवर्षी एळवशीला रेणापूरला जाते आणि कोपीत सहा दगड मांडते. मामाच्या नातवंडांना तर वाटतं पांडव सहाच असतात.

मध्यंतरी बातमी वाचली की तो शेतीचा गेम कंपनीनं कायमचा बंद केला. सगळी शेतं पुसली गेली. मला उगाचच गलबलून आलं. आईला फोन केला.

"आई, तो आपला गेम बंद झाला गं. दोन नंबरचं शेत आता कधीच दिसणार नाही."

मागं बाबा कुणावर तरी ओरडत होते.

"हुईना का बंद," ती म्हणाली. "लई वरसं उन्हात बसली होती ती, दारात. आता आत हाय. तिला कशाला पायजे ते शेत?" आणि लगेच आवाज बदलून, "ते ऱ्हाऊ दे. यंदा एळवशीला सुट्टी टाकलीस का न्हाई? का तुला बी बोलावणं धाडावं लागतंय?"